तोलणे आणि मोजणे

साक्षीदार मोजायचे नसतात, तोलायचे असतात, हे न्यायशास्त्राचे जुने वचन प्रत्येक वकील विद्यार्थिदशेतच शिकतो. कोणतीही गोष्ट शाबीत करण्यासाठी साक्षीदारांची अमुक एक संख्या आवश्यक नाही, असे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या १३४ व्या कलमात म्हटलेले होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. शंभर जणांच्या ऐकीव गोष्टींपेक्षा प्रत्यक्ष पाहणाऱ्या एका म्हातारीची साक्ष भारी ठरू शकते. हा विवेक मनुष्यजातीने पुष्कळ अन्याय सोसून कमावलेला आहे. आज आपल्या भाषेच्या बाबतीत मात्र तो उलटा फिरू पाहत आहे. ज्या यंत्रांच्या नावातच ‘भार’ आहे, ती यंत्रे आपले शब्द तोलत नाहीत, मोजतात. आणि मोजणी झाली तेव्हा आपण हजर नव्हतो.

माझा आरोप यंत्रावर आहे, असे कोणी समजू नये. आरोपी कोण हे ठरविण्यापूर्वी वस्तुस्थिती सांगणे वकिलाला भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी एक वृद्ध स्त्री माझ्याकडे आली. तिच्या घराण्याकडे एका देवळात फुले पुरविण्याची सेवा पिढ्यान्‌पिढ्या होती आणि त्या सेवेपोटी जमिनीचा एक लहान तुकडा ते घर कसत आले होते. त्या तुकड्याच्या खंडावरून वाद उपस्थित झाला. तिने दर वर्षी पैसे दिले होते. पावती मात्र कोणीच दिली नव्हती. एका कार्यालयात तिचा जबाब घेताना कारकुनाने लिहिण्याचे कष्ट वाचविण्यासाठी बोललेले टिपून घेणारे यंत्र पुढे ठेवले. यंत्र मराठीवर लावलेले होते. म्हातारी आपल्या बोलीत म्हणाली, “म्हज्याकडेन पावती ना.” यंत्राने लिहिले, “माझ्याकडे पावती आणा.” साक्षीदाराच्या तोंडी हे वाक्य विसंगत दिसते, एवढे कारकुनाच्या ध्यानात आले, त्याने ते आपल्या बुद्धीप्रमाणे दुरुस्त करून “मी पावती आणते” असे केले. म्हातारीला वाचता येत नव्हते. तिने अंगठा उठविला. पुढे सुनावणीच्या वेळी प्रतिपक्षाने तोच कागद पुढे करून विचारले, की पावती आणते असे स्वतः कबूल करणारी ही बाई आता पावती नव्हतीच असे कशी म्हणते? त्या एका ओळीचे निरसन करण्यात तीन तारखा गेल्या. कागद मी तिला वाचून दाखविला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “वकीलबाब, हांवें ना म्हळें, तें खंय गेलें?”

तिने उच्चारलेला ‘ना’ कुठे गेला, या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी ज्या विषयात जाऊन पोहोचलो तो माझ्या व्यवसायाचा नव्हे. परंतु पुरावा कसा नाहीसा होतो हे पाहणे माझ्या व्यवसायाचेच आहे. म्हणून या लेखाचा अधिकार मी घेत आहे.

बोललेले लिहिणारी आणि लिहिलेले ‘सुधारणारी’ यंत्रे बांधण्याची एक सुप्रतिष्ठित रीत आहे. तिला भारित परिमित-अवस्था यंत्र म्हणता येईल. नाव भारदस्त असले तरी कल्पना साधी आहे. आपल्याकडे पालखी निघते तेव्हा तिचे थांबे ठरलेले असतात. एका पेडावरून पुढच्या कोणत्या पेडावर जाता येते हेही ठरलेले असते. पालखी आता कुठे टेकली आहे एवढे कळले, की पुढच्या वाटा कोणत्या हे कळते; ती मागे कुठून आली याचा विचार करावा लागत नाही. या यंत्रातील ‘अवस्था’ म्हणजे असे थांबे, आणि त्यांची संख्या परिमित. थांब्याथांब्यांमधील प्रत्येक वाटेवर दोन चिन्हे लिहिलेली असतात: एक वाचायचे, दुसरे त्याऐवजी उच्चारायचे. आणि प्रत्येक वाटेवर जकात असते. ती जकात म्हणजेच भार.

आपल्या भाषेतील एक उदाहरण घेऊ. ‘देवळातल्यांनासुद्धा’ हा शब्द कोणत्याही कोशात सापडणार नाही. तरी तो मराठी आहे याविषयी कोणाला शंका नाही. ‘देऊळ’ या थांब्यावरून ‘देवळा’ या सामान्यरूपाकडे, तेथून ‘त’, मग ‘ल्यां’, मग ‘ना’, मग ‘सुद्धा’, अशी ही पालखी चालते. ‘पाऊस’ हा शब्द ‘पावसा’ होतो, ‘फूल’ हा ‘फुला’ होतो, ‘घोडा’ हा ‘घोड्या’ होतो. या वाटा एकदा आखून दिल्या, की प्रत्येक नामाची शेकडो रूपे यंत्राला ओळखता येतात आणि उलट दिशेने त्या रूपांवरून मूळ शब्दही सांगता येतो. त्यातले एखादे रूप आजवर कोणी कधी छापले नसले तरी बिघडत नाही. व्याकरण हे न मोजलेल्या शब्दांच्या वतीने दिलेली साक्ष असते. हे वाक्य वाचकाने ध्यानात ठेवावे. माझा सारा वाद त्यावरच उभा आहे.

आता भाराकडे वळू. एखादा शब्द दुसऱ्या शब्दामागून किती वेळा आला, हे मोठ्या लेखनसंग्रहातून मोजतात. दहांत एकदा येणाऱ्या शब्दाचा भार १ धरला, तर शंभरांत एकदा येणाऱ्याचा २, हजारांत एकदा येणाऱ्याचा ३. प्रत्यक्षात वेगळ्या पायावरचे लघुगणक वापरतात, पण रीत हीच. म्हणजे या हिशेबात जो दुर्मीळ तो जड आणि जो वारंवार भेटणारा तो हलका. एका वाटेवरील सर्व भारांची बेरीज करायची आणि अनेक वाटांपैकी ज्या वाटेची बेरीज सर्वांत कमी ती निवडायची. गुणाकाराच्या जागी बेरीज आणि बेरजेच्या जागी लहानाची निवड, अशा या विलक्षण अंकगणिताला ‘उष्णकटिबंधीय’ असे नाव आहे. ब्राझीलचे गणितज्ञ इमरे सायमन यांच्या गौरवार्थ फ्रेंच गणितज्ञांनी ते दिले.

या अंकगणिताने आमच्या म्हातारीच्या जबाबाकडे पाहू. आकडे माझे, समजुतीपुरते आहेत. तिच्या आवाजावरून ‘ना’ ऐकू येण्याचा भार १ आणि ‘आणा’ ऐकू येण्याचा भार ३ धरा. म्हणजे कानाने ‘ना’च्या बाजूने शंभरपट खात्रीने साक्ष दिली. परंतु मोजलेल्या मराठी मजकुरात ‘पावती’नंतर ‘आणा’ शंभरांत एकदा आला असेल तर त्याचा भार २, आणि ‘पावती’नंतर ‘ना’ लाखांत एकदाच आला असेल तर त्याचा भार ५. बेरीज करा. ‘पावती ना’ ६. ‘पावती आणा’ ५. निकाल ‘आणा’च्या बाजूने. प्रत्यक्ष ऐकणाऱ्याची साक्ष ऐकीव गर्दीने खोडून काढली, आणि तीही अंकगणितात कसूर न करता. मराठीत वाक्याच्या शेवटचा ‘ना’ संमती विचारतो आणि कोंकणीत तोच ‘ना’ नकार देतो. ज्या मोजणीत कोंकणी बसलीच नाही तिला हा भेद कोठून ठाऊक असणार?

याहून कठोर गोष्ट पुढे आहे. जो शब्द यंत्राच्या कोशात नाही, त्याच्याकडे जाणारी वाटच नसते. अशा वाटेचा भार या अंकगणितात अनंत धरतात. अनोळखी शब्दांसाठी बांधणाऱ्याने मुद्दाम वेगळी आडवाट ठेवली नसेल, तर तो शब्द कितीही स्पष्ट उच्चारा, कितीही वेळा उच्चारा, यंत्र त्याला कधीही पोहोचणार नाही. जवळचा कोणता तरी शहाणा शब्द त्याच्या गादीवर बसवील. आपली मखरे, आपले म्हाजन, आपले कुळावी, आपल्या देवळांच्या वहिवाटीतील शेकडो शब्द या अनंताच्या पलीकडे उभे आहेत. बेळगावच्या घरात बोलली जाणारी कानडीचा हात लागलेली मराठी, इंदूर-ग्वाल्हेरकडची हिंदीच्या शेजारात वाढलेली मराठी, बडोद्याच्या वाड्यांतली गुजरातीशी बोलणारी मराठी, यांची कैफियत वेगळी नाही.

हे सारे ऐकून आमच्या समाजात तीन प्रकारची उत्तरे मिळतात. तिन्ही मला अमान्य आहेत.

पहिले उत्तर सनातन्यांचे. यंत्राला सरस्वतीचे काय कळते, असे ते विचारतात आणि लगेच पुढे म्हणतात, की हे सर्व पाणिनीने अडीच हजार वर्षांपूर्वीच करून ठेवले आहे. दोन्ही वाक्ये एकाच श्वासात कशी खरी असतील, याचा खुलासा ते करीत नाहीत. पाणिनीची थोरवी वादातीत आहे. सुमारे ४००० सूत्रांत एका भाषेची घडण क्रमवार नियमांनी बांधणारा पुरुष नियमांच्या यंत्राचा पूर्वज म्हणवून घेण्यास पात्रच आहे. परंतु पूर्वजाच्या दस्तऐवजावर वारसाने किती दिवस कर्ज काढावे? पाणिनीने आपल्या काळची बोलली जाणारी भाषा कान देऊन ऐकली, प्रांतोप्रांतीचे भेद नोंदले आणि मग सूत्रे रचली. त्याचे वारस म्हणविणारे आम्ही आमच्या अंगणातील म्हातारीचा ‘ना’ अशुद्ध ठरवून मोकळे होतो. ज्याला पाणिनीचा अभिमान आहे त्याने आपल्या गावच्या बोलीची सामान्यरूपे लिहून दाखवावीत.

पाश्चात्त्यांनी तरी हे यंत्र एका दिवसात उभे केले काय? स्टीफन क्लीनी यांचा पायाभूत लेख १९५६ चा, मायकेल राबिन आणि डाना स्कॉट यांचा १९५९ चा. मधे १९५७ साली नोम चॉम्स्की यांनी दाखविले, की वाक्याच्या पोटात वाक्य रचणारी इंग्रजीची वाक्यघडण अशा यंत्राच्या आवाक्याबाहेरची आहे. ते म्हणणे खरेच होते, आणि पुष्कळ भाषाशास्त्रज्ञांनी त्यानंतर या यंत्राकडे पाठ फिरविली. पण शब्दाच्या आतील घडण आणि उच्चाराचे नियम ही वेगळी बाब आहे, हे १९७२ साली डग्लस जॉन्सन यांनी मांडले. १९८३ साली हेलसिंकीच्या किम्मो कोस्केन्निएमी यांनी प्रत्ययांनी लदलेल्या फिनिश भाषेवर ते सिद्ध करून दाखविले. रोनाल्ड कॅप्लन आणि मार्टिन के यांचा या विषयावरील गाजलेला लेख १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्याच दशकात अमेरिकेतील एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीच्या प्रयोगशाळेत मेहर्यार मोहरी, फर्नांदो परेरा आणि मायकेल रायली यांनी वाटांवर भार चढवून ही यंत्रे बोलणे ओळखण्याच्या कामी जुंपली. टाकून दिलेले हत्यार चिकाटीने धार लावून परत उपयोगात आणले गेले. त्या चिकाटीशी आमच्या अभिमानाची तुलना मी करीत नाही; ती आम्हांला लाजविणारी होईल.

दुसरे उत्तर नव्या आधुनिकांचे आहे, आणि ते अधिक धोक्याचे. ते म्हणतात, नियम लिहिण्याचे युग संपले. आता मेंदूतील ज्ञानतंतूंच्या धर्तीची प्रचंड जाळी जगातील सगळा मजकूर वाचून आपोआप शिकतात. तुमचे सामान्यरूप घेऊन बसा. यात सत्याचा मोठा अंश आहे आणि तो मी प्रतिपक्षाला न मागता देतो. ज्या भाषांत मजकुराचे डोंगर आहेत तेथे ही जाळी हाताने लिहिलेल्या नियमांना पुष्कळ ठिकाणी मागे टाकतात. पण डोंगर कोणाकडे आहेत? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी आणि कोंकणी सांगणारे २२.५ लाख होते. महाराष्ट्राच्या छापील मराठीचा ढीग मोठा आहे. त्या ढिगात गोव्याची, बेळगावची, इंदूरची मराठी मुठीएवढी, आणि बोलीतली कोंकणी त्याहून थोडी. ही नवी जाळीसुद्धा मोजणीवरच जगतात. फक्त त्यांची भूक जास्त आहे. थोड्या घासावर भागेल असे यंत्र टाकून ज्याचे पोट कधीच भरणार नाही त्याच्या दारात आम्ही कशाला उभे राहावे?

शिवाय वकील म्हणून मला आणखी एक भेद महत्त्वाचा वाटतो. न्यायाधीश कारणे देऊन निकाल देतो. कारणांवाचून दिलेला हुकूम वरच्या न्यायालयात टिकणे कठीण. परिमित-अवस्था यंत्राने ‘आणा’ का निवडला, हे वाट मागे चालत जाऊन थांब्यागणिक, भारागणिक वाचता येते. चूक कोणत्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखविता येते आणि तेवढी ओळ बदलता येते. त्या प्रचंड जाळ्यातील कोट्यवधी आकड्यांपैकी कोणत्या आकड्याने म्हातारीचा ‘ना’ गिळला, हे त्याचा निर्माताही सहसा सांगू शकत नाही. ज्याच्या निकालाविरुद्ध अपील कशाच्या आधारे करावे हेच कळत नाही, त्याच्या हाती दुर्बळांचे जबाब सोपविताना शंभरदा विचार करावा.

तिसरे उत्तर सर्वांत सोयीचे: सरकारने करावे. आमच्या सभासंमेलनांतून भाषेविषयी जेवढे ठराव झाले तेवढ्या ओळी जरी कोणी कोशाच्या लिहिल्या असत्या तरी आज चित्र निराळे दिसते. गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ चा. कोंकणी आठव्या अनुसूचीत आली ती १९९२ च्या ७१ व्या घटनादुरुस्तीने. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. या तिन्ही घटनांचा मला आनंद आहे. परंतु यंत्राच्या वाटांवर अनुसूचीचा क्रमांक लिहिण्याची सोय नाही. दर्जाने कोणत्याही शब्दाचा भार रेसभरही कमी होत नाही. संस्थांनी आपला वाटा काही अंशी उचलला आहे, हेही सांगितले पाहिजे. मराठी शब्दांचे रूपावल्यांप्रमाणे वर्ग पाडून त्यांचे परिमित-अवस्था पद्धतीने विश्लेषण करण्याचे काम मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केले; कोंकणी शब्दांचे अर्थसंबंध जोडणारे शब्दजाळे गोवा विद्यापीठात तयार झाले. पाया घातलेला आहे. त्यावर आपल्या घरची वीट आपणच नेऊन ठेवायची असते.

आणि वीट महाग आहे काय? २००७ साली गूगलच्या संशोधन विभागातील आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कूराँ संस्थेतील संशोधकांनी, त्यांत मोहरी आणि रायली होतेच, ‘ओपनएफएसटी’ नावाची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. भारित यंत्रे बांधणे, ती एकमेकांना जोडणे, त्यांतील संदिग्ध वाटा निश्चित करणे, अनावश्यक थांबे गाळून यंत्र लहान करणे आणि सर्वांत हलकी वाट शोधणे, ही सारी कामे ती करते. २०११ साली पुढे आलेली ‘काल्डी’ ही बोलणे ओळखण्याची प्रसिद्ध साधनसामग्री याच आज्ञावलीवर उभारलेली होती. तिचा अपाची परवाना मी वकिलाच्या डोळ्यांनी वाचला आहे. वापरा, बदला, वाटा, विका. मूळ हक्काची सूचना आणि परवाना सोबत ठेवा, बदल केला असेल तर तसे नमूद करा, एवढ्याच मुख्य अटी. इतका उदार दस्तऐवज माझ्या कारकिर्दीत मी क्वचितच पाहिला.

कामाचे स्वरूप ऐकाल तर आश्चर्य वाटेल. साध्या मजकुराच्या धारिकेत एका ओळीत पाच रकाने: कोणत्या थांब्यावरून, कोणत्या थांब्याकडे, काय वाचायचे, काय उच्चारायचे, आणि भार किती. शून्यावरून एकाकडे, ‘देऊळ’, ‘देवळा’, अर्धा. एवढेच. अशा ओळी लिहून दिल्या, की आज्ञावली त्यांचे यंत्र करते. आपल्या गावचा निवृत्त शिक्षक, जो जमाखर्चाची कीर्द बिनचूक लिहितो, तो ही वहीही लिहू शकेल. यंत्र चालवायला घरातला एखादा संगणक शिकलेला नातू पुरे. आणि हे भार केवळ मोजणीनेच ठरले पाहिजेत असे नाही. जेथे मोजणी अपुरी तेथे जाणत्याने आपल्या विवेकाने भार लिहावा, अशी मुभा यंत्र देते. तोलण्याचा अधिकार त्याने आपल्यापासून काढून घेतलेला नाही. आपणच तो वापरला नाही.

ज्यांनी वापरला त्यांच्याकडे पाहा. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला ट्रॉम्सो येथील विद्यापीठात सामी लोकांच्या भाषांसाठी याच जातीची यंत्रे बांधली गेली. सामी भाषांपैकी सर्वांत मोठ्या उत्तर सामीचे भाषकही काही हजारांत मोजावे लागतात. आपल्या एका तालुक्यात मावतील एवढे. त्या भाषेत मजकुराचे डोंगर नव्हते, म्हणून त्यांनी व्याकरण लिहिले. आज शुद्धलेखन तपासण्याची साधने त्यांच्या हाती आहेत. सुमारे ५६,००० वस्तीच्या ग्रीनलंडनेही आपल्या लांबलचक शब्दांच्या भाषेसाठी हाच मार्ग धरला. ते आपल्याहून संख्येने मोठे नाहीत. त्यांनी संख्येची वाट पाहिली नाही, इतकाच फरक.

येथे एक अवघड जागा येते आणि या द्वैभाषिक पत्रिकेच्या पानांवर ती टाळणे भ्याडपणाचे ठरेल. शब्दवही मराठीची करायची की कोंकणीची? या प्रश्नावर आमच्या समाजाने जितका वेळ, शाई आणि स्नेह खर्च केला तितका क्वचितच कोणी केला असेल. मी दोन्ही भाषांत वाढलो. घरात एक आणि पोथीत दुसरी. यंत्रशास्त्रात एक क्रिया आहे, तिला संयोग म्हणावे. दोन यंत्रे शेजारी ठेवून त्यांना एक सामाईक महाद्वार देतात. आत शिरणारे वाक्य आपल्याला हलकी पडेल ती वाट घेते. ही क्रिया करताना कोण कोणाची बोली, कोण थोरली आणि कोण धाकटी, असा प्रश्न यंत्र विचारीत नाही. मराठीचा ‘देऊळ’ आणि कोंकणीचा ‘देवूळ’ एकाच सभामंडपात उभे राहतात आणि कोणाचाही मान कमी होत नाही. ज्या म्हातारीने एका वाक्यात दोन्ही भाषा बोलाव्यात तिचा जबाब टिपायला दोन्ही वह्या लागतात. भांडण आमचे आहे, तिचे नाही.

म्हणून माझी मागणी मोजकी आणि स्पष्ट आहे. आपल्या देवस्थानांकडे वाचनालये आहेत, जमाखर्चाच्या व ठरावांच्या जुन्या वह्या आहेत, कीर्तने आणि नाटके घडविणारी माणसे आहेत. जे देवस्थान उत्सवाच्या मंडपासाठी वर्गणी उभी करते त्याने वर्षाकाठी एका शब्दवहीचा भार उचलावा. शब्द जसा बोलला जातो तसाच लिहावा, सुधारू नये, त्याची सामान्यरूपे लिहावीत, उच्चार लिहावा, तो कोणत्या गावी, कोणत्या घरांत बोलतात तेही लिहावे. जुन्या मासिकांतील आणि वह्यांतील मजकूर, ज्याच्यावर कोणाचा हक्क चालत नाही तो, मोजणीसाठी खुला करावा. ज्यांचा आवाज नोंदवायचा त्यांची संमती आधी घ्यावी. आणि तयार झालेले सर्व काही खुल्या परवान्याने सर्वांना द्यावे. जे दान आपल्याला मिळाले ते कडीकुलपात ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. हे केल्याने उद्याच यंत्रे आपली भाषा बोलू लागतील, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. नियमांची यंत्रे ताठर असतात, चुकतात, आणि वाक्याची सगळी वळणे त्यांना घेता येत नाहीत. पण चुकले कोठे हे सांगता येणारे यंत्र आणि आपल्या शब्दांना अनंतातून परत आणणारी वही, एवढे तरी आपल्या हाती राहील. पुढे कोणी मोठी जाळी विणील, तर तिच्यातही घालायला हेच धान्य लागेल.

देवाला प्रसाद लावतात तेव्हा मूर्तीवर चिकटविलेल्या पाकळ्यांपैकी कोणती पडते याकडे आपण श्वास रोखून पाहतो आणि जो कौल मिळतो तो शिरोधार्य मानतो. त्या श्रद्धेला मी हात लावीत नाही. परंतु पडद्यावर उमटलेल्या अक्षरांकडे त्याच भाविकतेने पाहणारी माणसे मी कार्यालयांत रोज पाहतो, आणि मला भीती वाटते. तेथे पाकळी देव पाडीत नाही, बेरीज पाडते. आणि बेरजेत आपला आकडा नसेल तर तो कौल आपल्याविरुद्धच पडत राहणार.

आता आरोपी कोण, ते वाचकाने ठरवावे. यंत्र बांधणाऱ्यांनी दार उघडे ठेवले, हत्यार फुकट दिले, भार लिहिण्याचा रकाना मोकळा सोडला. त्या रकान्यात आम्ही काहीच लिहिले नाही. म्हातारीचा दावा अजून चालू आहे. पुढची तारीख लागली आहे, आणि जबाब दुरुस्त करून घेतल्यामुळे तो टिकेल अशी मला आशा आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी अद्याप तिला दिलेले नाही. तिचा ‘ना’ लिहायला पाच रकान्यांची एक ओळ पुरे होती, आणि ती ओळ माझ्यासारख्या कायदा शिकलेल्या, दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने वीस वर्षांपूर्वीच लिहायला हवी होती, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?